फॉर्ममधील मजकूर आणि सीमाचिन्हे : मराठी नावांच्या संगणकीय नोंदणीतील एक दुर्लक्षित अडचण

गोषवारा

महाविद्यालयीन कार्यालयात, ग्रंथालयात किंवा संशोधन प्रकल्पात डेटाबेसचा फॉर्म तयार करताना वापरकर्त्याने भरलेल्या मजकुरातील अवतरणचिन्ह, स्वल्पविराम, अर्धविराम यांसारखी चिन्हे अनपेक्षित बिघाड घडवून आणतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत हा प्रश्न मोजक्या परकीय आडनावांपुरता मर्यादित मानला जातो. मराठीत मात्र जुन्या फॉन्टमुळे तो नेहमीच्या नावांपर्यंत येऊन पोहोचला. प्रस्तुत लेखात या अडचणीचे स्वरूप, प्रचलित उपायांच्या मर्यादा आणि योग्य कार्यपद्धती यांचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : डेटाबेस, फॉर्म, सीमाचिन्ह, कृतिदेव, युनिकोड, प्राचल.

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. समजा, महाड-पोलादपूर परिसरातील एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने कोंढाण्याच्या लढाईशी निगडित व्यक्तींची आणि परिसरातील गावांची एक छोटी संगणकीय नोंदवही करावयाचे ठरविले. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये तक्ता तयार केला, व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये फॉर्म केला आणि मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये भरण्यास प्रारंभ केला. २००० नंतरच्या दशकात महाविद्यालयांतून अशाच साधनांनी असंख्य लहान आज्ञावल्या लिहिल्या गेल्या.

‘तानाजी मालुसरे’ हे नाव विनातक्रार साठविले जाते. ‘शेलार’ हे नाव भरताच मात्र आज्ञेच्या रचनेत चूक असल्याचा संदेश येतो. जिल्ह्यांच्या निवडसूचीत ‘रायगड’ऐवजी एका ओळीत ‘रा’ आणि दुसऱ्या ओळीत ‘गड’ दिसते. फॉर्म भरणाऱ्याने कोणतीही चूक केलेली नसते. नाव शुद्ध आहे, जिल्हाही बरोबर आहे. मग बिघाड कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना डेटाबेस-प्रोग्रॅमिंगमधील एक मूलभूत तत्त्व स्पष्ट होते.

२. सीमाचिन्ह म्हणजे काय?

संगणकाला दिलेल्या आज्ञेत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक, आज्ञेचा स्वतःचा भाग. आणि दोन, आज्ञेने ज्यावर काम करावयाचे ती माहिती. माहिती कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे दर्शविण्यासाठी जे चिन्ह ठरवून दिलेले असते त्यास सीमाचिन्ह म्हणता येईल. एसक्यूएल या भाषेत मजकुरासाठी एकेरी अवतरणचिन्ह हे सीमाचिन्ह आहे. ॲक्सेसमध्ये दुहेरी अवतरणचिन्हही चालते आणि तारखेसाठी # हे चिन्ह वापरले जाते. स्वल्पविरामाने विभागलेल्या फायलीत एक रकाना दुसऱ्यापासून वेगळा करण्याचे काम स्वल्पविराम करतो.

सोयीसाठी आज्ञेतील शब्द मराठीत लिहिल्यास शोधाची आज्ञा पुढीलप्रमाणे दिसेल :

निवडा सर्व, व्यक्ती-तक्त्यातून, जेथे आडनाव = 'मालुसरे'

फॉर्म तयार करणारा सामान्यतः ही ओळ तुकडे जोडून बनवितो. आधी आज्ञेचा भाग व एक अवतरणचिन्ह, मग चौकटीत भरलेला मजकूर, शेवटी पुन्हा एक अवतरणचिन्ह. आता चौकटीत गोवा किंवा वसईकडील एखादे आडनाव आले तर ओळ अशी होते :

आडनाव = 'डि'सोझा'

डेटाबेसच्या दृष्टीने मजकूर ‘डि’ या अक्षराशीच संपला. पुढचे ‘सोझा’ हा आज्ञेचा भाग ठरतो आणि त्याचा अर्थ न लागल्याने आज्ञा नाकारली जाते. माहितीतील चिन्ह आणि सीमा दर्शविणारे चिन्ह दिसायला एकच असल्याने हा घोटाळा होतो. वाचणाऱ्या माणसाला संदर्भ कळतो. यंत्राला तो सांगावा लागतो.

३. मराठीतील विशेष परिस्थिती

डिसोझा हे आडनाव मराठीत बहुधा अवतरणचिन्हाशिवायच लिहिले जाते. त्यामुळे मराठी नोंदींना या प्रश्नाची झळ लागणार नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट होती.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीचे बहुतेक मराठी फॉन्ट देवनागरी अक्षरांना स्वतंत्र संकेतांक देत नसत. इंग्रजी अक्षरांसाठी व चिन्हांसाठी राखलेल्या संकेतांकांवरच देवनागरी आकार बसविलेले असत. संगणकात साठत असे ते इंग्रजी चिन्ह. पडद्यावर दिसत असे ते देवनागरी अक्षर. कृतिदेव ०१० या फॉन्टची रचना टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन कळफलकाला अनुसरून असल्याने विरामचिन्हांच्या कळाही अक्षरांच्या कामी लागल्या. त्यातील काही जोड्या पुढीलप्रमाणे :

' (एकेरी अवतरणचिन्ह) – अर्धा श
" (दुहेरी अवतरणचिन्ह) – अर्धा ष
, (स्वल्पविराम) – ए
; (अर्धविराम) – य
# – रु
[ – अर्धा ख
? – अर्धा घ
< – ढ
> – झ

पूर्ण ‘श’, ‘ष’, ‘ख’ वा ‘घ’ मिळविण्यासाठी अर्ध्या अक्षरापुढे कान्याची कळ दाबावी लागते. म्हणजेच या फॉन्टमधील प्रत्येक ‘श’च्या पोटात एक एकेरी अवतरणचिन्ह असते. शिंदे, शेलार, शेडगे, काशिनाथ, गणेश यांपैकी कोणतेही नाव एसक्यूएलच्या दृष्टीने डि'सोझाच्याच पंक्तीत जाऊन बसते. इंग्रजीत जो अपवाद होता तो मराठीत नियम झाला.

यात आणखी एक गुंतागुंत होती. पडद्यावर स्वल्पविराम दिसण्यासाठी कृतिदेवमध्ये उजव्या चौकटी कंसाची कळ वापरावी लागते. परिणामी, डोळ्यांना दिसणारा स्वल्पविराम हा संगणकाच्या लेखी स्वल्पविराम नसतो आणि संगणकाचा खरा स्वल्पविराम डोळ्यांना ‘ए’ म्हणून दिसतो. मजकूर वाचून दोष शोधणाऱ्यास तो सापडू नये, अशीच ही व्यवस्था होती.

४. उमरठच्या नोंदवहीतील बिघाडांचे प्रकार

उपरोक्त यादीच्या आधारे प्रारंभीच्या नोंदवहीची तपासणी केल्यास बिघाडांचे तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार उघड बिघाडाचा. ‘शेलार’ या नावातील ‘श’मुळे आज्ञा मोडते आणि तसा संदेश मिळतो. हा प्रकार त्रासदायक असला तरी त्यातल्या त्यात बरा, कारण चूक झाल्याचे निदान कळते.

दुसरा प्रकार रचना बिघडण्याचा. ॲक्सेसच्या निवडसूचीत पर्याय थेट लिहून द्यावयाचे असल्यास ते अर्धविरामाने वेगळे करावे लागतात. ‘रायगड’मधील ‘य’ हाच अर्धविराम असल्याने एका जिल्ह्याचे दोन पर्याय होतात. ‘रत्नागिरी’ आणि ‘सिंधुदुर्ग’ या नावांत ‘य’ नसल्याने ती अबाधित राहतात आणि दोष नेमका रायगडमध्येच का, याचा उलगडा होत नाही. सूर्याजी, रायबा, उदयभान या नावांतही हा अर्धविराम आहे. हीच माहिती स्वल्पविरामाने विभागलेल्या फायलीत उतरविल्यास ‘एकनाथ’ या नावापूर्वी एक रिकामा रकाना तयार होतो व पुढील सर्व माहिती एका घराने सरकते. तीच माहिती संकेतस्थळावर दाखविल्यास उमरठच्या पुढील ‘ढवळे’ या गावाच्या नावातील ‘ढ’ हा ब्राउझरला खुणेचा प्रारंभ वाटतो आणि पुढे ‘झ’ येईपर्यंतचा मजकूर पडद्यावरून नाहीसा होऊ शकतो.

तिसरा प्रकार मूक बिघाडाचा व म्हणून सर्वांत गंभीर. ॲक्सेसच्या नेहमीच्या पद्धतीत साम्यशोध घेताना # या चिन्हाचा अर्थ ‘कोणताही एक अंक’ असा होतो. ‘गुरुनाथ’ या नावात ‘रु’च्या जागी # असल्याने संगणक त्या ठिकाणी अंक शोधतो आणि अशी नोंद नाही असे सांगतो. नोंद प्रत्यक्षात तक्त्यात असते. ? म्हणजे ‘कोणतेही एक चिन्ह’. म्हणून ‘घ’ने सुरू होणारे नाव शोधताना तशाच रचनेची ‘श’ वा ‘ख’ने सुरू होणारी नावेही हाती येतात. ‘ख’मधील चौकटी कंस उघडा राहिल्यास शोधाचा नमुनाच अवैध ठरतो. चुकीचा संदेश न देता चुकीचे उत्तर देणारी आज्ञावली ही बंद पडणाऱ्या आज्ञावलीपेक्षा अधिक हानिकारक असते. ‘नोंद सापडत नाही’ या उत्तरावर कार्यालय विश्वास ठेवते आणि त्याचा भुर्दंड ज्याचे नाव आहे त्याला पडतो.

५. प्रचलित उपाय आणि त्यांच्या मर्यादा

या अडचणीवर सामान्यतः चार उपाय योजिले जातात.

(अ) चिन्ह गाळणे. मजकुरातील अवतरणचिन्ह साठविण्यापूर्वी काढून टाकले की आज्ञा मोडत नाही. पण कृतिदेवमधील ‘शेलार’मधून ते काढल्यास ‘श’ जाऊन ‘ोलार’ असे निरर्थक रूप उरते. इंग्रजी रकान्यातील डि'सोझा याचे प्रमाणपत्रावरील स्पेलिंग बदलते. आज्ञावलीची अडचण दूर करण्यासाठी माणसाचे नाव बदलणे हा उपाय होऊ शकत नाही.

(आ) चिन्हास मनाई करणे. ‘विशेष चिन्हे वापरू नयेत’ अशी सूचना फॉर्मवर देणे हा दुसरा मार्ग. ज्याच्या नावातच ते चिन्ह आहे त्याने काय करावे, याचे उत्तर या सूचनेत नसते.

(इ) सीमाचिन्ह बदलणे. एकेरीऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह वापरल्यास ‘शेलार’ साठविता येतो, पण ‘संतोष’ आणि ‘सुभाष’ अडतात, कारण ‘ष’मध्ये दुहेरी अवतरणचिन्ह आहे. ‘शिरीष’ आणि ‘आशुतोष’ या नावांत तर दोन्ही आहेत. वापरकर्त्याच्या मजकुरात कधीच येणार नाही असे चिन्ह शोधण्याचा प्रयत्न मुळातच फोल ठरतो.

(ई) चिन्ह दुप्पट करणे. एसक्यूएलच्या नियमानुसार मजकुरातील एकेरी अवतरणचिन्ह लागोपाठ दोनदा लिहिल्यास ते सीमा न मानता मजकुराचा भाग मानले जाते :

आडनाव = 'डि''सोझा'

हा उपाय शास्त्रशुद्ध आहे. तथापि तो आज्ञा तयार करण्याच्या क्षणी, एकदाच आणि प्रत्येक ठिकाणी केला पाहिजे. एका फॉर्ममध्ये विसर पडला तर बिघाड होतो आणि दोनदा केला गेला तर दुप्पट झालेले चिन्ह तक्त्यातच साठते. कृतिदेवमधील असा मजकूर पुढे युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यास ‘शेलार’चा ‘श्शेलार’ होतो. म्हणजे प्रोग्रॅममधील चूक कालांतराने शुद्धलेखनाची चूक होऊन नोंदीत कायम राहते.

पीएचपी या भाषेचा अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. फॉर्ममधून येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हापूर्वी आपोआप उलटी तिरपी रेघ जोडणारी ‘मॅजिक कोट्स’ नावाची सोय त्या भाषेत होती. माहिती कोठे वापरली जाणार आहे याचा विचार न करता सर्वत्र एकच प्रक्रिया केल्याने नावांमध्ये नको असलेल्या रेघा साठू लागल्या. ही सोय २००९ मधील ५.३ आवृत्तीत त्याज्य ठरविण्यात आली आणि २०१२ मधील ५.४ आवृत्तीत काढून टाकण्यात आली.

६. योग्य मार्ग : आज्ञा आणि माहिती यांची फारकत

वरील सर्व उपायांत एक गृहीतक समान आहे. ते म्हणजे आज्ञा आणि माहिती एकाच ओळीत मिसळलेली असणार. हे गृहीतकच सोडून दिल्यास प्रश्न मुळापासून सुटतो. आज्ञेत माहितीच्या जागी केवळ एक रिक्त स्थान ठेवावे :

आडनाव = ?

आणि त्या स्थानी बसवावयाचे मूल्य स्वतंत्रपणे पाठवावे. या मूल्यास प्राचल म्हणतात. डेटाबेस आज्ञेचा अर्थ आधी लावतो. मूल्य नंतर येते आणि ते केवळ मूल्य म्हणूनच वापरले जाते. त्यात अवतरणचिन्ह असो वा अर्धविराम, तेथे सीमा शोधण्याचे कारणच उरत नाही. छापील अर्जातील रिकाम्या जागेत काहीही लिहिले तरी अर्जाचा छापील मजकूर बदलत नाही, तसेच हे आहे.

ही सोय नवी नाही. व्हिज्युअल बेसिक ६ सोबतच्या एडीओ या साधनात, ॲक्सेसच्या साठविलेल्या क्वेरींमध्ये, जावामध्ये आणि २००५ मधील ५.१ आवृत्तीपासून पीएचपीच्या पीडीओमध्ये ती उपलब्ध आहे. तारखेचा प्रश्नही त्यामुळे सुटतो. ॲक्सेसच्या आज्ञेत # चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख महिना-दिवस-वर्ष या अमेरिकी क्रमाने वाचली जाते. कोंढाण्याच्या लढाईचा ४ फेब्रुवारी १६७० हा दिवस भारतीय पद्धतीने #४/२/१६७०# असा दिल्यास तो २ एप्रिल ठरतो. दिवसाचा आकडा १२ पेक्षा मोठा असल्यास मात्र ॲक्सेस निमूटपणे योग्य अर्थ लावतो. त्यामुळे काही तारखा बरोबर व काही चूक असा गोंधळ दीर्घकाळ लक्षात येत नाही. तारीख प्राचल म्हणून पाठविल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

प्राचलांनाही मर्यादा आहेत. तक्त्याचे किंवा रकान्याचे नाव प्राचल म्हणून देता येत नाही. ते वापरकर्त्याने निवडावयाचे असल्यास आज्ञावलीतील ठरलेल्या यादीतूनच घ्यावे. साम्यशोधातील #, ? यांसारख्या चिन्हांचा विशेष अर्थही प्राचलामुळे नाहीसा होत नाही. तेथे अशी चिन्हे चौकटी कंसात घालून त्यांचा अर्थ स्वतंत्रपणे निष्प्रभ करावा लागतो. निवडसूचीचे पर्याय थेट न लिहिता तक्त्यातून घ्यावेत.

माहिती डेटाबेसबाहेर जाताना ज्या माध्यमात जाणार त्या माध्यमाचे नियम पाळावे लागतात. स्वल्पविरामाने विभागलेल्या फायलींचा संकेत २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात नोंदविण्यात आला. ज्या रकान्यात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल तो दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा आणि आतील दुहेरी अवतरणचिन्ह दोनदा लिहावे, असा तो नियम आहे. संकेतस्थळासाठी < आणि > यांचे पर्यायी संकेत वापरावेत. थोडक्यात, तक्त्यात मूळ मजकूर जसाच्या तसा साठवावा आणि आवश्यक ती प्रक्रिया बाहेर पडण्याच्या दारापाशी करावी.

७. युनिकोडनंतरची स्थिती

युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतंत्र संकेतांक आहेत. ‘श’मध्ये आता अवतरणचिन्ह नाही आणि ‘य’मध्ये अर्धविराम नाही. त्यामुळे प्रस्तुत प्रश्न इतिहासजमा झाला, असे मात्र म्हणता येणार नाही. जुन्या फॉन्टमधील फायली अद्याप अनेक ठिकाणी जपलेल्या आहेत आणि त्यांचे रूपांतर करताना जुने दोषही सोबत येतात.

शिवाय नव्या मजकुरातही सीमाचिन्हे आहेतच. ‘मु. उमरठ, ता. पोलादपूर, जि. रायगड’ या साध्या पत्त्यात दोन स्वल्पविराम आहेत. योग्य काळजी न घेतल्यास त्याचे तीन रकाने होतात आणि दूरध्वनी क्रमांकाच्या रकान्यात जिल्हा येतो. भूमापन व हिस्सा क्रमांकांतील तिरपी रेघ स्प्रेडशीटमध्ये तारखेची मानली जाते. इंग्रजी अंकांत टंकलेला ‘७/१२’ हा आपल्याकडील मांडणीनुसार ७ डिसेंबर होतो. जीवशास्त्रातही हाच अनुभव आला. स्प्रेडशीटमध्ये तारखेचे रूप घेणाऱ्या काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे २०२० मध्ये अधिकृतपणे बदलावी लागली. मोबाइलवरून भरलेल्या नावात सरळ अवतरणचिन्हाऐवजी वक्र चिन्ह येऊ शकते आणि तेच नाव शोधात सापडत नाही.

८. सुरक्षिततेचा विचार

मजकुरातील चिन्हामुळे आज्ञा चुकून मोडू शकते, तशी ती हेतुपुरस्सर बदलताही येते. फॉर्मच्या चौकटीत अवतरणचिन्ह आणि त्यापुढे स्वतःची आज्ञा लिहून डेटाबेसमधील माहिती वाचणे वा नष्ट करणे शक्य होते. या प्रकाराचे वर्णन डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे तो ‘एसक्यूएल इंजेक्शन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. शेलार या नावामुळे मोडणारा फॉर्म हा अशा हल्ल्यासही खुला असतो, कारण दोहोंचे मूळ एकच आहे. म्हणून नावामुळे आलेला त्रुटिसंदेश ही वापरकर्त्याविषयीची तक्रार न समजता आज्ञावलीतील दोषाची पूर्वसूचना समजावी.

वैयक्तिक माहितीच्या आधारे त्या व्यक्तीविषयी निर्णय घेतला जाणार असल्यास ती माहिती पूर्ण व अचूक असावी, हे तत्त्व डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही समाविष्ट आहे. प्रवेश, शिष्यवृत्ती व गुणपत्रक यांच्याशी संबंधित नोंदी ठेवणाऱ्या शिक्षणसंस्थांनी त्याची दखल घेणे उचित ठरेल.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) सीमाचिन्हांचा बिघाड वापरकर्त्याच्या मजकुरामुळे होत नसून आज्ञा आणि माहिती एकत्र मिसळल्यामुळे होतो.
२) चिन्ह गाळणे, त्यास मनाई करणे किंवा सीमाचिन्ह बदलणे हे उपाय मराठी नावांच्या बाबतीत अपुरे अथवा हानिकारक ठरतात.
३) प्राचलांचा वापर हा मूलभूत उपाय आहे, त्याच्या मर्यादेबाहेरील ठिकाणी त्या त्या माध्यमाचे नियम पाळणे आवश्यक आहे.
४) जुन्या फॉन्टमधील माहितीचे रूपांतर करण्यापूर्वी दुप्पट झालेली व गळालेली चिन्हे शोधून दुरुस्त करावीत.
५) प्रत्येक नव्या फॉर्मची चाचणी अडचणीच्या नावांनी घ्यावी. जुन्या फॉन्टसाठी शिरीष, एकनाथ, गुरुनाथ, रायबा, ढवळे ही नावे आणि सर्वच फॉर्मसाठी डि'सोझा हे आडनाव, स्वल्पविरामयुक्त पत्ता व तिरप्या रेघेचा भूमापन क्रमांक एवढी सामग्री प्राथमिक चाचणीस पुरेशी आहे.

संगणकशास्त्राच्या अध्यापनात डेटाबेसचा पहिला फॉर्म शिकवितानाच ही चाचणी विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास तुकडे जोडून आज्ञा बनविण्याची सवय मुळात लागणारच नाही. इतर विषयांच्या प्राध्यापकांनीही विभागासाठी एखादी आज्ञावली स्वीकारताना आपल्या हजेरीपटातील अशी चार-पाच नावे तीत भरून, शोधून आणि छापून पाहावीत. ती नावे जशी भरली तशीच परत मिळाली, तरच तो फॉर्म वापरास योग्य मानावा.